वाटी झिजली म्हणे

माझ्या सासूबाईंचा, मुक्ताबाईंचा, मंडईत गाळा आहे. लिंबं, आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि उन्हाळ्यात कैऱ्या. गाळा म्हणजे दुकान नव्हे. कमरेएवढ्या उंचीचा ओटा, त्यावर मालाचे ढीग, आणि ढिगांच्या मधोमध एक माणूस मांडी घालून बसेल एवढीच मोकळी जागा. तिथून हात लांबवला की चारी बाजूंचा माल हाताला येतो. उभं राहून पोचत नाही, खुर्ची मावत नाही. सासरे गेले तेव्हा सूरज, म्हणजे माझा नवरा, पाचवीत होता. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी आई त्या जागेवर मांडी घालून बसल्या. सूरजचं इंजिनिअरिंग त्या मांडीवर झालं असं मी म्हणते, आणि तो ते नाकारत नाही.

म्हणून हाडांचे डॉक्टर खांबेटे जेव्हा म्हणाले, "वाटी बदलावी लागेल, आणि त्यानंतर मांडी विसरा," तेव्हा आईंना ऑपरेशनची भीती वाटलीच नाही. भीती त्या शेवटच्या दोन शब्दांची होती.

सूरज मात्र फाइल घेऊन आला तो उत्साहात. २००४ चा मे महिना होता. हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागून त्याला दोन वर्षं झाली होती, आणि त्या वर्षी कंपनीनं पहिल्यांदाच आईवडिलांनाही मेडिक्लेममध्ये घेतलं होतं.

"आई, नुसतं कार्ड दाखवायचं आणि ॲडमिट व्हायचं. एकोणीस तारीख मिळालीय."

"फुकट हाय म्हणून पाय कापून घेऊ का?"

"कापत नाहीत गं. वाटी बदलतात."

"आन् मंग गाळ्यावर बसू कशी? टांगून घेऊ सोताला, लसणाच्या माळंवानी?"

"बसूच नकोस आता. सतरा वर्षं बसलीस, बास झालं."

आईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं पाटीत वर टवटवीत आणि खाली सडकी लिंबं लावून विकली होती. मग त्या सृष्टीला घेऊन ओसरीत गेल्या. सृष्टी आमची मुलगी, तेव्हा आठ महिन्यांची.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सृष्टीच्या वेळी सातव्या महिन्यात हॉस्पिटलची नोकरी सोडली, तेव्हापासून "आहे" की "होते" हे मला नीट सांगता येत नसे. धनकवडीत आमच्या आळीत माझ्या शिक्षणाचा अर्थ एकच होता. शेजारच्या सरुबाई लग्नानंतर आठव्या दिवशी आल्या आणि पाय पुढे करून म्हणाल्या, "तू मालिश शिकलीस म्हणं, बार्शीला." बार्शी माझं माहेर; शिकले मी पुण्यातच, आणि मालिश नव्हे, हे सांगेपर्यंत त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता. आई तेवढ्या मंडईत सगळ्यांना सांगत, "आमची सून पायाची डॉक्टर हाय." ते खोटं होतं, पण मला आवडायचं.

तरीही खांबेट्यांकडे आईंबरोबर मी गेले नव्हते. सृष्टीला ताप होता. सूरज गेला, आणि दारातून आत शिरताच आई डॉक्टरांना काय म्हणाल्या ते त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं: "डॉक्टर, वाटी झिजली."

आपल्याकडे गुडघ्याला काहीही होवो, ते वाटीचंच होतं. पोरगा पडला, वाटी सरकली. म्हातारपण आलं, वाटी झिजली. ऑपरेशन झालं, वाटी बदलली. वाटी बिचारी पुढे नुसती झाकणासारखी बसलेली असते. खरा कारभार तिच्या मागे चालतो. पण पेशंट स्वतःच रोगाचं नाव घेऊन आला की डॉक्टरांचं काम सोपं होतं. एक्स-रे काढला, त्यात थोडी झीज दिसली. बावन्नाव्या वर्षी, एवढं बसणं झाल्यावर, कुणाच्या गुडघ्यात दिसणार नाही? बाहेर तीसजण खोळंबले होते. वाटी झिजली म्हणे, आणि फोटोत झीज आहे. दोघांचं एकमत झालं.

मलाही तेव्हा वेगळं काही वाटलं नव्हतं. हे कबूल केलं पाहिजे. एकाच घरात राहून इतके महिने मी आईंना "फार दुखतंय का" एवढंच विचारत होते.

सोमवारी आई घरी असतात. त्या सोमवारी जेवणं झाली होती, सूरज ऑफिसला गेला होता, आणि आई सतरंजीवर सृष्टीसमोर मांडी घालून बसल्या होत्या. सृष्टी नुकती रांगायला शिकलेली. ती एकदम दाराकडे सुटली, तशा आई तिला धरायला वळून उठल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. उजवा गुडघा वाकलेला, एक हात भिंतीला. चेहऱ्यावर कळ नव्हती, वैताग होता. मग त्यांनी पाय जरा आत फिरवला, जरा बाहेर, कुलपात किल्ली फिरवावी तसा, आणि झटका दिला. टक् असा आवाज मला स्वयंपाकघराच्या दारातून ऐकू आला. गुडघा सुटला.

"आई, हे काय होतं?"

"काय न्हाई. वाटी."

"फार दुखलं का?"

"दुखतोय कुठं? अडकतो मेला. चावी फिरवली की सुटतो. तू पोरीला धर आधी, उंबऱ्याला पोचली."

मी पोरीला धरलं, पण तो शब्द काही सोडला नाही. अडकतो. झिजलेला गुडघा दुखतो, कुरकुरतो, सकाळी उठल्यावर आखडतो. वळताना असा कुलूप लागल्यासारखा अडकायचा आणि चावी फिरवल्यावर सुटायचा, हे त्याचं नेहमीचं वागणं नव्हे. आत काहीतरी सुटं झालेलं असतं, दाराच्या फटीत चिंधी सापडावी तसं.

"आई, पलंगावर पालथ्या झोपा. गुडघ्यापासून पुढचे पाय कडेबाहेर काढा."

"मालिश करतीस का काय?"

"नुसतं बघणार आहे."

"बघण्यासारखं काय उरलंय त्यात?" असं म्हणत त्या झोपल्या.

पाय सैल सोडले की दोन्ही टाचा एका पातळीत यायला हव्यात. डावी टाच खाली गेली. उजवी तिच्याहून दोन बोटं वर राहिली. "सैल सोडा," मी म्हटलं. "सोडलाच हाय," आई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या. सृष्टी रांगत आली, खालची टाच धरून उभं राहायला बघू लागली, आणि मी त्या दोन बोटांच्या अंतराकडे बघत राहिले. कॉलेजात हे शंभर वेळा वाचलं होतं. घरच्या पलंगावर, चुरगळलेल्या चादरीवर, ते इतकं स्वच्छ दिसेल असं वाटलं नव्हतं.

मग त्यांना उताणं केलं. वाटी चारी बाजूंनी हलवून पाहिली; वाटी खुशाल होती. तिच्या कडेवरून आतल्या अंगाला उतरलं की दोन हाडांमधली बारीक खाच बोटाला लागते. तिथे दाबलं, आणि सतरा वर्षांत कुणासमोर कण्हल्या नसतील त्या आई "आई गं" म्हणाल्या.

"वाटी नाहीये आई. गादी आहे."

"कसली गादी?"

"मांडीचं हाड वर, नडगीचं खाली. मधे कूर्चेच्या दोन चकत्या असतात, चंद्रकोरीसारख्या. एक आतून, एक बाहेरून. वजन त्यांच्यावर येतं. तुमची आतली फाटलीय असं मला वाटतं, आणि फाटलेला तुकडा मधे येऊन अडकतो. वाटीचा काही संबंध नाही. आता हिच्याकडेच बघा, हिची तर वाटी अजून हाडाचीसुद्धा झालेली नाही. मऊ कूर्चा आहे नुसती."

आईंनी सृष्टीचा गुडघा दोन बोटांत धरून पाहिला. "म्हंजी हिला वाटीच न्हाई? आन् तरी पळती!"

"हे कधी सुरू झालं?"

"झालं की चार-पाच म्हयनं."

"हळूहळू, की एकाच दिवशी? काही उचललंत, वळलात, पाय मुरगळला?"

आई उठून बसल्या. पदर सारखा केला. "न्हाई. झिजली. झिजायचीच की, येवढं बसल्यावर." आणि ओट्यावरची भांडी घासायला निघून गेल्या. भांडी मी मघाशीच घासली होती.

अडचण इथेच होती. पाय पूर्ण सरळ न होणं हे झिजेतही होतं. फक्त ते महिनोन्‌महिने हळूहळू येतं. गादी फाटते ती एका दिवशी, एका क्षणी. तो दिवस सापडला नाही तर खांबेटे एक्स-रेवर बोट ठेवतील आणि माझं तोंड बंद होईल.

संध्याकाळी सूरजला सांगितलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"भाग्यश्री, वीस वर्षं ऑर्थोपेडिक सर्जन आहेत ते."

"माहितेय."

"आणि तू दोन वर्षं..."

"तेही माहितेय. मला एक सांग. एखाद्या क्लायंटनं तुला 'सॉफ्टवेअर बिघडलंय' एवढंच लिहून पाठवलं, तर काय करतोस?"

"परत पाठवतो. काय केलं, कुठलं बटण दाबलं, मग काय झालं, ते ओळीनं लिहा म्हणतो. त्याशिवाय बग घेतच नाही आम्ही."

"मग आईंच्या गुडघ्याला हे कुणी विचारलं? त्यांनी बिघाडाचं नाव सांगितलं आणि तुम्ही दोघांनी ते घेतलं."

त्यानं कप पुन्हा उचलला आणि म्हणाला, "पण तू विचारलंस ना? ती नाही म्हणतेय ना?"

"त्या खोटं बोलतायत."

"माझी आई?"

"तुझी आई भांडी घासून झालेली घासते तेव्हा खोटं बोलत असते."

दुसऱ्या दिवशी सृष्टीला कडेवर घेऊन मी स्वारगेटला उतरले आणि चालत मंडई गाठली. आई गाळ्यावर नव्हत्या. शेजारच्या गाळ्यावरचे गेनबा लसणाच्या गड्ड्या निवडत होते.

"या डॉक्टरीणबाई. मुक्ताबाई नळाला गेलीय. लंगडत गेलीय, लंगडत येईल. वेळ हाय, बसा."

"काका, आईंचा पाय कधीपासून असा आहे?"

"भोगीपासनं," गेनबा मान वर न करता म्हणाले.

"नक्की भोगी?"

"आता भोगी इसरंल का कुनी मंडईत? पाय ठेवायला जागा न्हवती. अख्ख्या पुण्याला त्या दिवशी गाजर-वालपापडी आठवती. तुमच्या सासूचं आल्याचं पोतं खाली पडल्यालं. कचरू हमाल आला उशिरा, आन् वर त्वांड करून म्हनला, मुक्ताबाई, आता तुमच्यानं काय व्हायचं न्हाई, लेकाला सांगा कॉम्प्युटरवर आलं इकायला." गेनबांनी आता मान वर केली. "झालं. पदर खोचला आन् उचललं की पोतं बाईनं! निम्मं होतं, पन उचललं. वळली ओट्याकडं. पाय ऱ्हायला खालच्या वल्ल्या गोणपाटात गुतलेला. अंग वळलं, पाय वळला न्हाई. कट्ट झालं. मी हितनं ऐकलं."

"मग?"

"मग काय? पोतं खाली न्हाई टाकलं. ओट्यावर ठेवलं, वर चढून बसली आन् भोगीचा धंदा केला अंधार पडंस्तवर. दुसऱ्या दिवशी गुडघा ह्यो येवढा, कलिंगडावानी."

पाऊल जमिनीला खिळलेलं, अंग फिरलेलं, वजन हातात, आवाज, आणि सूज लगेच नव्हे तर दुसऱ्या दिवशी, जी घरात त्यांनी नऊवारीखाली मला दिसूच दिली नव्हती. कॉलेजचं पुस्तक जणू लसणाच्या ढिगामागे बसून कुणी वाचून दाखवत होतं. माझे कान तापले. चोर सापडल्याचा आनंद होता तो, आणि चोर माझी सासू होती.

ती पाण्याचा तांब्या घेऊन मागेच उभी होती.

"गेनबा, लसूण इक. त्वांड इकू नगंस."

"फुकट दिलं, इकलं न्हाई," गेनबा म्हणाले.

आई डावा पाय टेकून ओट्यावर चढल्या. उजव्या पायाची मांडी घालताना त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. हे मी आजवर पाहिलं नव्हतं. मी त्यांना नेहमी बसल्यावरच पाहिलेलं. एक बाई लिंबं निवडून गेली, दुसरी मिरची घेऊन गेली. मी सृष्टीला मांडीवर घेऊन ओट्याच्या कडेला टेकले.

"का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?" आई तराजू पुसत म्हणाल्या. "आदल्याच दिवशी सूरज म्हनला व्हता, आई, आता वजन उचलायचं न्हाई, मी कमावतो. मी म्हनलं, न्हाई उचलत. आन् दुसऱ्या दिवशी कचरूच्या एका शब्दावर भरीला पडले. कुनाला सांगायचं हे? झिजली म्हनलं की मान हाय. लोक म्हनत्यात, बाईनं संसार केला, वाटी झिजंस्तवर केला. फुशारकीत मोडला म्हनलं तर हसत्यात."

हसत्यात हे खरं होतं. सरुबाई तर वर्षभर हसल्या असत्या.

"आई, झिजली म्हणालात तर एकोणीस तारखेला मांडी जाईल. फुशारकीत मोडला म्हणालात तर कदाचित राहील. कदाचित. मी पैजेवर सांगत नाही."

"सूरजम्होरं सांगावं लागंल?"

"सूरजसमोर आणि डॉक्टरांसमोर. भोगीपासून, ओळीनं. आणि वाटी हा शब्द काढायचा नाही. काय झालं ते सांगायचं, रोगाचं नाव सांगायचं नाही. नाव ठेवायचं काम त्यांचं."

आईंनी एक लिंबू उचललं, दाबून पाहिलं, परत ठेवलं. "पोतं उचललं ते सोप्पं व्हतं," त्या म्हणाल्या.

तीन दिवसांनी आम्ही सगळे खांबेट्यांच्या पुढ्यात होतो. सूरज, मी, सृष्टी, आणि इस्त्रीचं नऊवारी नेसलेल्या आई. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ऑपरेशन एकोणीसला आहे. आज काय?"

"सर, तुम्ही एकदा गुडघा पुन्हा पाहावा अशी विनंती आहे," मी म्हणाले. "मला गादी फाटल्याची शंका आहे."

"आपण डॉक्टर आहात?"

"फिजिओथेरपिस्ट."

"अस्सं. मग व्यायामाची वेळ ऑपरेशननंतर येईल. तेव्हा बोलावू आपल्याला."

सूरजनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर "चल, जाऊ" असं लिहिलेलं मला दिसलं, आणि मी जाणार होतेही.

"ओ डॉक्टर," आई म्हणाल्या. "भोगीचा दिवस व्हता."

"काय?"

"तुम्ही मागच्या बारीला इचारलं काय व्हतंय, मी म्हनलं वाटी. ते चुकलं. आता इचारा काय झालं."

खांबेट्यांनी पेन खाली ठेवलं. का कुणास ठाऊक, पण ठेवलं. "बरं, काय झालं?"

आईंनी सांगितलं. सगळं. कचरू, कॉम्प्युटरवर आलं विकायचं, गोणपाट, कट्ट, दुसऱ्या दिवशीची सूज, दिवसातून दोन-चारदा लागणारं कुलूप, चावी. सांगताना त्या एकदाही सूरजकडे वळल्या नाहीत. फक्त एकदा मधेच थांबून म्हणाल्या, "ह्याला मी वजन उचलनार न्हाई म्हनलं व्हतं. ते खोटं ठरलं." सूरज खाली मान घालून सृष्टीच्या मोज्याशी खेळत होता. त्याचे डोळे भरलेले मी पाहिले, आणि त्यानं ते मोज्यानं पुसले.

"पालथ्या झोपवून टाचा पाहिल्यात का, सर?" मी म्हणाले. आवाज माझाच होता. "उजवी दोन बोटं वर राहते."

त्यांनी पाहिल्या. मग आईंना उताणं झोपवलं, गुडघा पूर्ण मोडला, पाऊल बाहेर वळवलं, एक हात त्या खाचेवर ठेवला आणि पाय हळूहळू सरळ करत आणला. मधे कुठेतरी टक् झालं. त्यांनी तसंच पुन्हा केलं. पुन्हा टक्.

आईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"हे टाचांचं कुणी पाहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी. घरी, पलंगावर."

"हं." त्यांनी हात धुतले, खुर्चीत बसले आणि नवा कागद ओढला. "एमआरआय करून घ्या. एक्स-रेत हाडं दिसतात, गादी दिसत नाही. मी मागच्या वेळी एक्स-रे पाहिला, बाईंना ऐकलं नाही. चूक आहे." हे त्यांनी हवामान सांगावं तशा आवाजात सांगितलं. मग पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. "कुणाच्या सांगण्यावरून, ते कागदावर लिहावं लागतं. पूर्ण नाव सांगा."

मी नाव सांगितलं. त्यांनी ते लिहिलं आणि पुढे स्वल्पविराम देऊन फिजिओथेरपिस्ट.

"काय लिवलं?" आईंनी विचारलं.

"तुमच्या सूनबाईंचं नाव. शंका त्यांची, म्हणून."

"नावाम्होरं डॉक्टर लिवा."

"ते मला लिहिता येणार नाही, बाई."

"मग तुमच्या नावाम्होरचं काढा."

"आई!" सूरज ओरडला. खांबेटे मात्र हसले. मिशीतल्या मिशीत, पण हसले. तो कागद एमआरआय सेंटरवर जमा करायचा होता. मी आधी त्याची झेरॉक्स काढून घेतली. सूरजनंच कोपऱ्यावरचं दुकान शोधलं.

एमआरआयत दिसलं ते असं: आतल्या गादीचा काठ लांबलचक फाटून सुटला होता आणि बादलीची कडी उलटावी तसा गुडघ्याच्या मधोमध उलटून बसला होता. झीज होती, पण बेताची. एकोणीसची तारीख तीच राहिली, ऑपरेशन बदललं. दोन बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून तो तुकडा काढायचा. शिवता आला असता तर शिवला असता, पण चार महिने चेंगरून त्याच्या दशा झाल्या होत्या. "उरलेली गादी जपा," खांबेटे म्हणाले. "दहा-बारा वर्षांनी वाटी बदलायची वेळ येणारच नाही असं मी म्हणत नाही. आज ती नाही, एवढं खरं."

ऑपरेशनची सीडी मिळाली. सूरजनं ती घरच्या कॉम्प्युटरवर लावली आणि आई पाय उशीवर ठेवून बघायला बसल्या. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र भिंती, मधे तरंगणारा तो फाटका पट्टा, आणि त्याला येऊन धरणारा चिमटा.

"हे माझ्या आतलं?"

"तुझ्या आतलं, आई."

"येवढा उजेड हाय व्हय आत!" आई म्हणाल्या, आणि सरुबाईंना बोलवायला लावलं. सरुबाईंनी ती सीडी तीन वेळा पाहिली. तिसऱ्या वेळी आईंनी स्वतः भोगीची गोष्ट सांगितली, पोतं निम्म्याचं पूर्ण करून. कुणी हसलं नाही.

त्यानंतरचे दिवस माझे होते. सृष्टी झोपली की अर्धा तास, सूरजनं तिला फिरायला नेलं की अर्धा तास. टाचेखाली टॉवेल ठेवून गुडघा दाबायचा, मांडीचा स्नायू घट्ट धरून दहा मोजायचे, भिंतीला पाठ लावून थोडंसं खाली सरकायचं, थोडंसंच. "तू लई खडूस हायेस," आई म्हणत. "बार्शीचं पानीच तसलं." तिसऱ्या आठवड्यात दोन्ही टाचा एका पातळीत आल्या. मी त्यांना पालथं झोपवून पुन्हा पुन्हा पाहिलं, गरज नव्हती तरी.

सातव्या आठवड्यात गाळ्यावर जायची परवानगी दिली, एका अटीवर: डावी मांडी घालायची, उजवा पाय लांब सोडायचा. मांडीची घाई करायची नाही. ती आपणहून येईल तेव्हा येईल, आणि आलीच नाही तर आपण दुसरं काही शोधू, असं मी मोठ्या समजूतदारपणे म्हणाले होते. रात्रंदिवस मला तीच एक काळजी होती.

पहिल्या दिवशी मी बरोबर गेले. कचरूनं पोती आणून ओट्यावर ठेवली आणि एक शब्द बोलला नाही. आई वर चढल्या. उजवा पाय कोथिंबिरीच्या जुड्यांवरून सरळ पुढे, जसं काही गाळ्याला फाटक लावलंय. गेनबा म्हणाले, "मुक्ताबाई, पाय कसा किलो?" "तुझ्या अकलेपक्षा महाग," आई म्हणाल्या.

अकराच्या सुमाराला सदाशिव पेठी चष्म्याच्या एक बाई आल्या. लिंबं दाबून दाबून बघू लागल्या.

"रस नाही हो यांत."

"दाबून दाबून तुम्हीच काढला की, बाई."

"आम्ही नेहमीचे आहोत. जरा बघून द्या."

"नेहमीचं गिऱ्हाईक बघून घेत न्हाई, डोळं मिटून घेतं."

"मागची ती ताजी दिसतायत, त्यातली द्या. वरून नको, तळातली."

मागचा ढीग लांब होता. आई बोलता बोलता वळल्या. अर्धं अंग फिरवून त्यांनी हात ढिगाच्या तळाशी घातला, आणि वळताना लांब सोडलेला उजवा पाय आपला आपण उचलून आत घेतला. हात न लावता. तो डाव्या मांडीखाली सरकला, गुडघा ओट्याला टेकला, आणि आई ओंजळभर लिंबं घेऊन परत समोर वळल्या. कुठे टक् झालं नाही. भांडण तसंच चालू होतं.

मी त्या गुडघ्याकडे बघत होते. सृष्टी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, तिचा श्वास मानेला लागत होता. आईंना अजून कळलेलं नव्हतं. गेनबांना कळलं होतं. ते तोंड उघडणार होते, मी बोटानं त्यांना गप्प केलं.

"अर्धा डझन म्हणजे सहाच का?" बाई म्हणत होत्या.

"शाळंत काय शिकवलं तुम्हाला?" आई म्हणाल्या आणि तराजू बाजूला सारून दोन्ही हातांनी लिंबं मोजायला लागल्या.